भोंग्यानंतरचा वर्ग

भोंगा झाला, पाळी सुटली, यंत्रावर दुसरा माणूस उभा राहिला, हजेरीच्या नोंदीत वेळ पडली, आणि तरीही कामगार फाटकाबाहेर पडत नाही, हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. वरच्या मजल्यावरच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या असतात, भिंतीवर चित्रे दाखविण्याची सोय असते, चहा असतो, एखाद्या उदार खात्यात बिस्किटेही असतात. फळ्यावर परिपत्रक लागलेले असते : साडेचार ते साडेसहा प्रशिक्षणवर्ग, सर्वांची उपस्थिती सक्तीची. असाच प्रकार दुकानात, बँकेत, इस्पितळात, शाळेत आणि संगणकाच्या कचेऱ्यांतही चालतो. फक्त तेथे भोंगा नसतो. या दोन तासांचे पैसे मिळणार काय असे कोणी विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते : "अहो, हे काम थोडेच आहे? हे तर तुमच्याच फायद्याचे शिक्षण आहे."

या उत्तरात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच त्याचा नीट विचार केला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. संघटनेची माणसे शिक्षणाला विरोध करतात, असे मालकांच्या बाजूने वारंवार सांगितले जाते. कामगार चळवळीचा इतिहास ज्याने चाळला आहे तो असे म्हणणार नाही. जोतीराव फुल्यांनी पुण्यात शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ साली. मुंबईच्या गिरणगावात दिवसभर साच्यावर उभी राहिलेली माणसे रात्रशाळेच्या बाकावर येऊन बसत. आमचेही जे काही शिक्षण झाले ते असेच, कामाचे तास संपल्यावर, आणि त्याबद्दल आम्ही कोणाकडे ओव्हरटाइम मागितला नाही. मागण्याचे कारणही नव्हते. रात्रशाळेत एक दिवस गेलो नाही तर मास्तर रागावत, पण पगार कापला जात नसे, मेमो मिळत नसे, बढती अडत नसे. काय शिकायचे, किती शिकायचे आणि कधी सोडून द्यायचे हे आमच्या हाती होते. रात्रशाळा आणि भोंग्यानंतरचा वर्ग यांत फरक आहे तो एवढाच, आणि आमच्या मते सगळा प्रश्न या एवढ्याशा फरकात साठवलेला आहे. न जाण्याची मोकळीक ज्या वेळेत आहे ती वेळ माणसाची स्वतःची. ती मोकळीक जेथे नाही तेथे वेळ मालकाची.

ही काही आमच्या डोक्यातून निघालेली व्याख्या नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३० साली दुकाने आणि कचेऱ्या यांतील कामाच्या तासांविषयी जो ठराव केला, त्यात कामाचा वेळ म्हणजे काय हे सांगताना "किती माल निघाला" किंवा "हात चालत होते की नाही" असे विचारलेले नाही. माणूस ज्या काळात मालकाच्या हुकमतीखाली असतो तो कामाचा वेळ, आणि ज्या विश्रांतीत तो त्या हुकमतीखाली नसतो ती विश्रांती, असा त्याचा आशय आहे. पहारेकरी रात्रभर खुर्चीवर बसून असतो. चोर आलाच नाही म्हणून त्याने काम केले नाही, असे कोणी म्हणत नाही.

आता दोन तासांसाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणाला वाटेल. त्यासाठी हे तास कसे मिळाले ते थोडे पाहिले पाहिजे. आपल्याकडचा पहिला कारखाने कायदा १८८१ चा, आणि त्याने मर्यादा घातली ती फक्त मुलांच्या कामाला. बायकांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली १८९१ साली. कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळण्यासाठी १९११ साल उजाडावे लागले. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत चोपन्न, आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. तेच अठ्ठेचाळीस १९४८ च्या कारखाने कायद्यात कायम झाले. साप्ताहिक सुटीची कथाही अशीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा स्थापन केली, अर्ज केले, मोठ्या सभा भरवल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सहा वर्षे लागली एका रविवारासाठी. आज त्याच रविवारी सकाळी दहा वाजता "कार्यकौशल्य वर्ग" ठेवताना परिपत्रक लिहिणाऱ्याला सहा मिनिटेही लागत नाहीत.

हिशेब करून पाहा. आठवड्याला दोन तासांचा वर्ग, आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर शंभर तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर हे साडेबारा दिवस झाले. कोणत्याही कारखान्यात "यंदा साडेबारा दिवस फुकट काम करा" अशी नोटीस लावली तर संध्याकाळच्या आत फाटकावर सभा होईल. दोन-दोन तासांनी तेच घेतले तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

या प्रश्नाचा अगदी स्वच्छ निकाल अलीकडे युरोपात लागला आणि तो आपल्याकडच्या लोकांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. रुमानिया देशातील एका नगरपालिकेच्या आपत्कालीन सेवेत एक कर्मचारी होता. आगप्रतिबंधाच्या कामासाठी जी पात्रता लागते ती त्याने मिळवावी म्हणून नगरपालिकेने त्याला २०१७ साली एका बाहेरच्या शिक्षणसंस्थेच्या वर्गाला पाठविले. वर्ग एकंदर १६० तासांचा होता आणि त्यातले १२४ तास त्याच्या नेहमीच्या कामाच्या वेळेबाहेर पडले. या १२४ तासांचा जादा कामाचा मोबदला त्याने मागितला. नगरपालिकेने नाकारला. प्रकरण रुमानियाच्या न्यायालयांतून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापुढे गेले, आणि २८ ऑक्टोबर २०२१ रोजी निकाल झाला.

नगरपालिकेच्या बाजूने जे मुद्दे निघू शकत होते ते सगळे आपल्या ओळखीचे आहेत. वर्ग कामाच्या जागी नव्हता, शिक्षणसंस्थेच्या इमारतीत होता. तेथे तो आपले रोजचे काम करीत नव्हता. वेळही रोजची नव्हती. न्यायालयाने सांगितले, यांपैकी कशानेही फरक पडत नाही. मालकाने जा म्हटले म्हणून माणूस तेथे गेला, तेथे असताना तो मालकाच्या आज्ञेत होता, म्हणून तो कामाचाच वेळ होय. शिवाय युरोपीय नियमात दोनच कप्पे आहेत, काम आणि विश्रांती. मधला तिसरा कप्पा नाही. म्हणजे जे काम नाही ते विश्रांती असले पाहिजे, आणि हुकमाने वर्गात बसण्याला विश्रांती म्हणायला कोणाचीही जीभ रेटणार नाही. नोकर हा करारातला दुबळा पक्ष असतो, तो "येत नाही" म्हणू शकत नाही, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले.

येथे एक बारीक भेद आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर श्रोत्यांची दिशाभूल होईल. या निकालाने त्या माणसाच्या खिशात पैसे पडलेच, असे समजू नये. युरोपचा तो नियम कामाच्या तासांचा आणि विश्रांतीचा आहे : आठवड्याला सरासरी अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काम नको, आणि दर चोवीस तासांत सलग अकरा तास विश्रांती हवी. त्या तासांचा दर काय, हा प्रश्न न्यायालयाने त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडला. म्हणून वेळ कोणाची आणि त्या वेळेचे पैसे किती, हे दोन प्रश्न आहेत. आपल्याकडे बहुतेक वाद दुसऱ्यावर होतात आणि पहिला विसरला जातो. पुढे २०१९ च्या दुसऱ्या एका युरोपीय नियमाने आणखी एक पाऊल टाकले : कायद्याने किंवा कराराने जे शिक्षण मालकाने देणे भाग आहे ते नोकराला फुकट मिळावे, कामाच्या वेळेत धरावे, आणि शक्य असेल तेथे प्रत्यक्ष कामाच्या तासांतच व्हावे. सदस्य देशांनी तो आपापल्या कायद्यात आणण्याची मुदत १ ऑगस्ट २०२२ ही होती.

अमेरिकेत याच प्रश्नाला चार चाळण्या लावतात. तेथे वेतन आणि तासांचा मूळ कायदा १९३८ चा. त्याखालील सरकारी नियम सांगतो की वर्गाचा वेळ कामात धरायचा नसेल तर चारही गोष्टी एकदम खऱ्या असल्या पाहिजेत : वर्ग नेहमीच्या वेळेबाहेर असावा, उपस्थिती खरोखर ऐच्छिक असावी, विषयाचा त्याच्या कामाशी सरळ संबंध नसावा, आणि वर्गात बसून त्याने मालकाचे काही काम करू नये. यांतली एक जरी हुकली तरी वेळ कामात गेली. आणि "ऐच्छिक" या शब्दाचा खुलासा तर फार मार्मिक आहे. गेला नाहीस तर तुझ्या नोकरीवर किंवा नोकरीच्या स्थितीवर परिणाम होईल, असे नोकराला सुचविले किंवा तसा त्याचा समज करून दिला, तर ती उपस्थिती ऐच्छिक राहत नाही. म्हणजे साहेबाने हसत हसत "या हं, बरे दिसत नाही" म्हटले तरी ते हिशेबात येऊ शकते. उलट, माणूस आपणहून, आपल्या मर्जीने बाहेरच्या शाळेत शिकायला गेला तर तो विषय कामाचा असला तरी ती वेळ त्याची स्वतःची. आमच्या रात्रशाळेचा निकाल अमेरिकेतही आमच्यासारखाच लागला असता.

आता आपल्या घरी येऊ. १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, जादा कामाला दुप्पट दर, आणि साप्ताहिक सुटी अशी भक्कम चौकट होती. मात्र प्रशिक्षणाचा तास कोणत्या बाजूला टाकायचा हे त्यात वेगळे कलम घालून सांगितलेले नव्हते. भोपाळची वायुगळती १९८४ साली झाली, आणि तिच्यानंतर १९८७ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी लागणारी माहिती, सूचना आणि प्रशिक्षण देणे हे कारखान्याच्या चालकाचे कर्तव्य आहे, असे तीत लिहिले गेले. कर्तव्य कोणाचे, हे येथे लक्षात घ्यावे. आग कशी विझवावी हे शिकविणे चालकाचे देणे आहे, आणि देणेकऱ्याने आपले देणे दुसऱ्याच्या वेळेतून फेडावे हा कोणता न्याय?

हा कायदा आता इतिहासात जमा झाला. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या, आणि कारखाने कायद्याची जागा सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली. या संहितांवर आमचे पुष्कळ आक्षेप आहेत. त्यांसाठी वेगळे व्याख्यान लागेल. परंतु आजच्या विषयापुरते तिच्यात तीन गोष्टी उपयोगाच्या आहेत. दिवसाला आठ तासांहून अधिक काम नाही, असे संहितेतच म्हटले आहे. मर्यादेपलीकडच्या कामाला दुप्पट दर कायम राहिला आहे. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, ती अशी की जादा काम कामगाराच्या संमतीनेच घेता येते.

या तिसऱ्या गोष्टीवर थोडे थांबू, कारण साऱ्या युक्तिवादाची चावी तेथे आहे. आठ तास भरल्यानंतरचा सक्तीचा वर्ग हे जर काम असेल, तर ते जादा काम होय. आणि जादा कामाला संमती पाहिजे. म्हणजे वर्ग सक्तीचा करायचा असेल तर तो आठ तासांच्या आत बसवावा, आणि आठ तासांबाहेर ठेवायचा असेल तर "येतोस का?" असे विचारावे. सक्तीही हवी आणि बाहेरचा वेळही हवा, असे दोन्ही एकदम मागता येणार नाही. हा आमचा अर्थ आहे. न्यायालये नव्या संहितेचा अर्थ कसा लावतात ते पुढे दिसेल. परंतु वाटाघाटीच्या टेबलावर हा मुद्दा ठेवायला निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

संहितेच्या आधाराला एक पळवाट मात्र आहे. तिचे पुष्कळसे संरक्षण "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापनाचे काम करणारा, किंवा देखरेखीचे काम करून महिना अठरा हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा, त्या व्याख्येबाहेर जातो. म्हणून आजकाल सेल्समनला "एक्झिक्युटिव्ह" म्हणतात, गल्ल्यावरच्या मुलीला "असोसिएट" म्हणतात, आणि पदवी मिळाल्याच्या आनंदात ओव्हरटाइम गेल्याचे त्यांच्या ध्यानात येत नाही. न्यायालये पदाचे नाव पाहत नाहीत, मुख्यतः तो माणूस कोणते काम करतो ते पाहतात, हे पुष्कळ निकालांतून पक्के झाले आहे. पाटी कोणतीही असो, त्याच्या हाताखाली खरोखर माणसे आहेत काय, रजा मंजूर करण्याचा त्याला अधिकार आहे काय, हे विचारावे.

पैशांपेक्षा विश्रांती मोठी, असे आम्ही वर सुचविले. ते कसे हे इस्पितळात जाऊन पाहावे. एका शहरातल्या इस्पितळात (नाव सांगण्याचे कारण नाही) परिचारिकांचा वर्ग सकाळी साडेआठला ठेवीत, कारण त्या वेळी रात्रपाळी सुटते आणि डॉक्टरसाहेबांनाही तीच वेळ सोयीची. रात्री आठपासून जागलेल्या मुली अकरापर्यंत खुर्चीवर बसत. त्यातल्या काहींची घरी लहान मुले, काहींना पुन्हा त्याच रात्री आठला हजर व्हायचे. विषय काय, तर औषधे देताना होणाऱ्या चुका कशा टाळाव्यात! आम्ही व्यवस्थापकांना म्हटले, साहेब, चुका टाळायच्या असतील तर यांना प्रथम झोपू द्या. त्यांनी आम्हांला दुप्पट दर देऊ केला. परिचारिकांनी तो घेतला नाही. त्यांचे म्हणणे साधे होते : पैसे नकोत, वर्ग दिवसपाळीत घ्या, आणि आम्हांला त्या दिवशी दिवसपाळी लावा. दोन महिने घासाघीस झाली आणि तसे झाले. एरवी ओव्हरटाइमसाठी भांडणारे आम्ही. पण त्या दिवशी परिचारिकांनीच आम्हांला विषय समजावून दिला, असे म्हटले पाहिजे.

सरकारी नोकरीच्या जुन्या नियमांत या बाबतीत अधिक समज दिसते, हे मान्य करावे लागेल. दीर्घ सुटी असलेल्या खात्यांत, म्हणजे मुख्यतः शाळा-महाविद्यालयांत, कामासाठी सुटी बुडाली तर त्या प्रमाणात अर्जित रजा द्यावी अशी तरतूद महाराष्ट्राच्या १९८१ च्या रजा नियमांत आहे. उन्हाळ्याच्या सुटीत प्रशिक्षणाला बोलावलेल्या शिक्षकांनी हा नियम काढून वाचावा. घेतलेला दिवस परत द्यावा लागतो, हे तत्त्व त्यात सरकारनेच मान्य केले आहे.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, कामाच्या वेळेत वर्ग घेतला तर यंत्र बंद पडते, गिऱ्हाईक परत जाते, वॉर्डात माणूस राहत नाही. लहान दुकानदाराच्या बाबतीत ही अडचण खरी आहे, आणि चार नोकरांच्या दुकानाला मोठ्या कंपनीची फूटपट्टी लावण्याच्या मताचे आम्ही नाही. तेथे गिऱ्हाईक कमी असते ती दुपारची वेळ काढता येते, किंवा एकेकाला अर्धा तास आधी सोडता येते. मोठ्या कारखान्याचे तसे नाही. जो यंत्राच्या दुरुस्तीसाठी पाळी थांबवतो, त्याने माणसाच्या शिक्षणासाठी माणूस मोकळा करावा. त्यासाठी बदली माणूस ठेवावा लागला तर तो शिक्षणाचाच खर्च आहे. खर्च त्याच्या वहीत दिसत नाही याचा अर्थ तो नाहीसा झाला असा नाही. तो कामगाराच्या घरी गेला : मुलाचा अभ्यास घ्यायचा राहिला, दळण राहिले, शेवटची बस चुकली. बायांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे, कारण घरी गेल्यावर त्यांची दुसरी पाळी सुरू होते आणि तिला भोंगा नसतो.

एक गमतीची गोष्टही आमच्या ध्यानात आली आहे. जेथे वर्गाचे तास कामात धरण्याचा करार झाला, तेथे वर्ग कमी झाले. पूर्वी आठ व्याख्याने असत ती तीन झाली, आणि त्या तिनांत कामाचे तेवढेच राहिले. फुकट मिळणारी वस्तू कोणी जपून वापरीत नाही. दुसऱ्याचा वेळही त्यास अपवाद नाही.

आता, ज्यांच्याकडे असे परिपत्रक आले आहे त्यांनी काय करावे? परिपत्रकाची प्रत जपून ठेवावी. "सक्तीची" हा शब्द मालकाने स्वतःच लिहून दिलेला असतो आणि त्याच्याहून चांगला पुरावा नाही. तोंडी सांगितले असेल तर लेखी मागावे. वर्गाच्या हजेरीवर सही करताना आत आल्याची आणि सुटल्याची वेळ घालावी, आणि तीच वेळ घरच्या वहीत लिहावी. वर्ग चुकविण्याचा सल्ला आम्ही देणार नाही, विशेषतः एकट्यादुकट्याला; गैरहजेरीचा मेमो हातात पडला की मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि शिस्तीचाच प्रश्न होऊन बसतो. हजर राहून, तास मोजून, सर्वांनी मिळून मागणी करावी. संघटना असेल तर पुढच्या करारात एक कलम घालून घ्यावे, आणि त्यात चार शब्द नेमके असावेत : मालकाने सांगितलेला प्रत्येक वर्ग कामाच्या वेळेत धरला जाईल, तो पाळीबाहेर घ्यायचा झाल्यास आधी लेखी सूचना आणि कामगाराची संमती लागेल, त्या तासांना जादा कामाचा दर मिळेल, आणि रात्रपाळी सुटल्यावर किंवा साप्ताहिक सुटीच्या दिवशी वर्ग ठेवला जाणार नाही.

याच कलमात आता मोबाईलचाही उल्लेख करावा लागतो. खोली, खुर्च्या आणि चहा यांचा खर्च वाचविण्यासाठी वर्ग आता कामगाराच्या खिशात पाठविला जातो. रात्री जेवण झाल्यावर चित्रफीत पाहायची, वीस प्रश्नांची उत्तरे द्यायची, आणि रविवारपर्यंत पूर्ण केले नाही तर सोमवारी सुपरवायझर नावे वाचून दाखवितो. येथे हजेरीपट नाही, म्हणून तास मोजता येत नाहीत असे सांगितले जाते. ते खरे नाही. कोणी किती वाजता पाहायला सुरुवात केली आणि किती वाजता संपविले याची नोंद बहुधा त्या यंत्रणेतच राहते. नाहीतर सोमवारी वाचायला नावे कोठून आली असती? ती नोंद पगाराच्या खात्याकडे दरमहा पाठवावी आणि तिची प्रत कामगाराला द्यावी, एवढे एक वाक्य कलमात वाढवून घ्यावे.